एकोणतिसाचें कोडें : संज्ञानशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासाविषयीं

(नभोवाणीवरील भाषण)



आरंभींच आपणांस थोडी तसदी देतों. हातांतील काम क्षणभर बाजूला ठेवा. लेखणी मात्र उचलूं नका. मी कांहीं अंक एकामागून एक म्हणतों. ते संपले कीं त्याच क्रमानें मनांतल्या मनांत म्हणून पाहा. एक, नऊ, चार, आठ, एक, नऊ, पांच, सहा, एक, नऊ, आठ, एक.

किती राहिले? बहुधा आरंभींचे चारपांच आणि शेवटचे एकदोन. मधले निसटले असतील. जे हें भाषण छापील पानावर वाचीत असतील त्यांनीं घरांतील कोणाकडून तरी हे अंक म्हणवून घ्यावेत, नाहीं तर गंमत गेलीच. आतां तेच अंक निराळ्या रीतीनें सांगतों. १९४८ : हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें आणि जालना निजामाच्या राज्यांतून सुटलें. १९५६ : मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला. १९८१ : जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. बारा अंक होते, त्यांच्या तीन गोष्टी झाल्या. आणि जालन्याच्या रहिवाशाला त्या तीन गोष्टी उद्यां सकाळींसुद्धां आठवतील.

जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९५६ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. क्षणभरापुरती जी स्मृति आपण वापरतों तींत सुमारें सातच वस्तु मावतात, एखाददुसरी कमी किंवा अधिक, असा त्याचा आशय होता. पुढील संशोधकांनीं हा आंकडा खालीं ओढून चारापर्यंत आणला. परंतु त्या निबंधांतील मोलाची गोष्ट सात हा आंकडा नव्हेच. एक वस्तु कशाला म्हणावयाचें हें ऐकणाराला आधीं काय ठाऊक आहे त्यावर ठरतें, ही ती गोष्ट होय. ज्यानें मराठवाड्याचा इतिहास ऐकलेला नाहीं त्याच्या लेखीं बारा अंक बाराच राहतात. पेटी सर्वांची सारखी असेल. पण तींत सामान कसें बांधून ठेवावयाचें हें ज्याच्या त्याच्या गांवानें, भाषेनें आणि शाळेनें शिकविलेलें असतें.

अशा गोष्टींचा पद्धतशीर शोध घेणारें जें शास्त्र आहे त्याला इंग्रजींत कॉग्निटिव्ह सायन्स म्हणतात. आपण त्याला संज्ञानशास्त्र म्हणूं. मानसशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत ‘बोधनिक’ असाही शब्द रूढ आहे. नांवाचा वाद पंडितांकडे सोंपवून आपण वस्तूकडे वळूं. पाहणें, ऐकणें, लक्ष देणें, आठवणें, बोलणें, वाचणें, मोजणें, निर्णय घेणें हीं कामें माणसाचें मन कसें करतें, हा या शास्त्राचा प्रश्न आहे.

मनाशीं बोलण्याची रीत जालना जिल्ह्यास नवी नाहीं. घनसावंगी तालुक्यांतील जांब हें समर्थ रामदासांचें जन्मगांव आणि १६०८ हें त्यांचें जन्मवर्ष. त्यांच्या मनाच्या श्लोकांची संख्या २०५ आहे, आणि पूर्वींच्या पुष्कळ मराठी घरांतील मुलांना ते दिवेलागणीला पाठ म्हणावे लागत. मात्र समर्थ मनाला उपदेश करतात. मनानें कसें असावें हें सांगतात. हें नवें शास्त्र उपदेश करीत नाहीं. तें मनाला प्रश्न विचारतें आणि त्याचें उत्तर, शक्य तेथें, घड्याळानें मोजून घेतें.

समजा, जालन्यांतील एखाद्या सुशिक्षित घरांतील मुलगी पदवीधर होते आणि एके दिवशीं जेवतांना म्हणते, “बाबा, मला संज्ञानशास्त्रांत एम. एस्सी. करावयाची आहे.” बाबांचा घांस हातांतच राहतो. “म्हणजे तूं डॉक्टर होणार का?” आई विचारते, “म्हणजे वेड लागलेल्यांवर उपचार करावे लागतात का ग?” आजी कांहीं विचारीत नाहीं, ती मुलीच्या चेहऱ्याकडे पाहते. आईबाबांचे प्रश्न रास्त आहेत आणि दोहोंचें उत्तर नकारार्थी आहे. ही पदवी घेणारा वैद्य होत नाहीं. मनोरुग्णांवर उपचार करण्याचा अधिकारही त्याला या पदवीनें मिळत नाहीं, त्यासाठीं निराळें शिक्षण आणि निराळी नोंदणी लागते. मग ती शिकणार तरी काय?

हें शास्त्र एका घराण्यांत जन्मलेलें नाहीं. १९५६ च्या सप्टेंबरची ११ तारीख ही त्याची जन्मतिथि असें मिलर पुढें गमतीनें म्हणत. त्या दिवशीं अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेंत एक परिषद भरली होती. तेथें स्वतः मिलर स्मृतीविषयीं बोलले, नोम चॉम्स्की या तरुणानें भाषेच्या रचनेविषयीं विवेचन केलें, आणि ॲलन न्युएल व हर्बर्ट सायमन यांनीं तर्कशास्त्राचे सिद्धान्त सिद्ध करणाऱ्या गणकयंत्राची हकीकत सांगितली. तिन्ही वाटा एकाच गांवाला जात आहेत, असें ऐकणारांस त्या दिवशीं वाटलें. त्यांना पुढें मज्जाशास्त्र, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र येऊन मिळालीं. ‘कॉग्निटिव्ह सायन्स’ हें नांव १९७३ सालीं क्रिस्टोफर लाँगेट-हिगिन्स या इंग्रज शास्त्रज्ञानें दिलें, आणि या नांवाचा स्वतंत्र विभाग प्रथम १९८६ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील शाखेंत निघाला.

आपल्या देशांत मनाचा प्रयोगशाळेंतील अभ्यास त्याहून पुष्कळ जुना आहे. कलकत्ता विद्यापीठांत तो १९१५-१६ च्या सुमारास सुरू झाला आणि म्हैसूरला १९२४ सालीं. म्हैसूरचें नांव नभोवाणीच्या श्रोत्यांनीं तर विसरूंच नये. तेथील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनीं १९३५ सालीं स्वतःच्या घरीं एक लहानसें ध्वनिक्षेपण केंद्र चालू केलें, आणि त्याचें नांव ठेविलें ‘आकाशवाणी’. मनाचा अभ्यास करणाऱ्या माणसालाच हा छंद लागावा, याचें मला नवल वाटत नाहीं. न दिसणाऱ्या ठिकाणाहून येणारा आवाज ऐकून ऐकणाराच्या डोक्यांत काय होतें, हाच तर दोहोंचा विषय आहे.

संज्ञानशास्त्र या नांवाखालीं पदव्युत्तर शिक्षण देण्याची सोय मात्र अलीकडची. अलाहाबाद विद्यापीठांत २००२ सालीं या विषयाचें केंद्र स्थापन झालें. त्यानंतर गांधीनगर, कानपूर आणि दिल्ली येथील आय. आय. टीं.मध्यें असे अभ्यासक्रम निघाले. हैदराबाद विद्यापीठांत मज्जा आणि संज्ञान या दोहोंचें मिळून एक केंद्र आहे, आणि त्याच शहरांतील आय. आय. आय. टी. या संस्थेंतही या विषयाची प्रयोगशाळा आहे. महाराष्ट्रांत मानखुर्द येथें होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून काम करीत आहे. मुलें विज्ञान आणि गणित कशीं शिकतात, कोठें अडतात, याचा तेथें पीएच. डी. पर्यंत अभ्यास होतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत भाषाशास्त्राची परंपरा आहे. परंतु संज्ञानशास्त्राची स्वतंत्र पदवीच हवी असेल तर आपल्या मुलीला बहुधा राज्याबाहेर जावें लागेल.

जालन्याच्या मुलांनीं शिक्षणासाठीं हैदराबादची वाट धरणें यांत अपूर्व असें कांहीं नाहीं. मनमाडहून सिकंदराबादेस जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर जालन्यावरून धांवूं लागली. उस्मानिया विद्यापीठ १९१८ सालीं निघालें, आणि १९५८ सालीं मराठवाडा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत इकडच्या अनेक कुटुंबांतील मुलें त्याच गाडीनें त्याच विद्यापीठाकडे गेलीं. तेथें शिक्षणाचें माध्यम उर्दू होतें. घरीं मराठी, व्यापारांत मारवाडी, शाळेंत उर्दू आणि कचेरींत पुन्हां उर्दू, असें चार घरांचें बोलणें एका डोक्यांत वागवीत तीं पिढी वाढली. आजचे संशोधक ज्याला बहुभाषिक मन म्हणतात आणि मोठ्या कौतुकानें तपासतात, तें जालन्याच्या मोंढ्यांत हमाल आणि आडते रोज वापरीत आले आहेत.

आतां अभ्यासक्रमाविषयीं. तो साधारणपणें दोन वर्षांचा असतो. पुष्कळ ठिकाणीं कोणत्याही शाखेची पदवी चालते. साहित्याचा पदवीधर आणि यंत्रशास्त्राचा पदवीधर एकाच बांकावर बसतात, आणि पहिले सहा महिने दोघेही सारखेच घाबरलेले असतात. पहिल्याला संगणकास आज्ञा लिहिण्याचें आणि संख्याशास्त्राचें भय, दुसऱ्याला तत्त्वज्ञानाचें. प्रवेशपरीक्षा असते, तिचे नियम वर्षागणिक बदलतात, म्हणून ते ज्या त्या संस्थेकडूनच समजून घेणें बरें. मेंदूची रचना, भाषाशास्त्र, लक्ष आणि स्मृति, तर्क, प्रयोगाची आंखणी असे विषय पहिल्या वर्षीं होतात. दुसऱ्या वर्षीं प्रत्येकानें स्वतःचा एक प्रश्न घेऊन त्यावर प्रबंध लिहावयाचा असतो. माझ्या मतें खरें शिक्षण तेथें आहे. प्रश्न विचारणें सोपें. पण ज्याला ‘नाहीं’ असेंही उत्तर मिळूं शकेल असा प्रश्न विचारणें फार कठीण.

तो कसा विचारतात याचें एक उदाहरण विस्तारानें सांगतों, आणि त्यासाठीं आपणां सर्वांच्या परिचयाची वस्तु घेतों. ती म्हणजे मराठी आंकड्यांचीं नांवें.

२०१९ च्या जून महिन्यांत बालभारतीचें इयत्ता दुसरीचें गणिताचें नवें पुस्तक मुलांच्या हातीं आलें. त्यांत एकवीसपासून पुढील संख्या ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशा वाचण्याची नवी रीत दिली होती. गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर या विषयाच्या समितीच्या अध्यक्ष होत्या. २०२३ सालीं त्या निवर्तल्या. मराठी संख्यानामांतील जोडाक्षरें आणि उलटा क्रम मुलांना जड जातो, दक्षिणेकडील भाषांत ही अडचण नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. जुनीं नांवें काढून टाकलेलीं नाहींत, दोन्ही रीती मुलांपुढें ठेविल्या आहेत, असा खुलासाही करण्यांत आला. तरी वादळ उठलें. वर्तमानपत्रांतून, विधिमंडळांतून आणि घरोघरच्या ओट्यांवरून त्याची चर्चा झाली. आम्ही पावकी-दिडकी पाठ केली, आम्हांला नाहीं अडलें, असें वडील मंडळी म्हणालीं. आमच्या वर्गांत मुलें रोज अडतात, असें कांहीं शिक्षक म्हणाले. दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या, आणि दोन्ही बाजूंचा आधार मुख्यतः स्वतःची आठवण हाच होता.

आतां आपली जालन्याची मुलगी याकडे कशी पाहील? प्रथम ती अडचण वेगवेगळी करील, कारण ती एक नाहीं, निदान दोन आहेत. ‘पंचवीस’ म्हणतांना पांच आधीं आणि वीस मागून येतात. लिहितांना दोन आधीं आणि पांच मागून. कान एकीकडे धांवतो, हात दुसरीकडे. उर्दू ‘पच्चीस’चीही तीच गत. तेलुगु मूल मात्र ‘इरवै ऐदु’ म्हणतें, म्हणजे वीस पांच. त्याचा कान आणि हात बरोबर चालतात. ही झाली पहिली अडचण. दुसरी अधिक खोल आहे. १९, २९, ३९ पासून ८९ पर्यंतच्या संख्यांचीं मराठी नांवें वजाबाकीचीं आहेत. एकोणतीस म्हणजे एक उणा तीस. मुलाच्या कानावर तीस पडतें आणि हातानें मात्र दोन लिहावयाचे असतात. वर्गांत २९ सांगितले असतां पाटीवर ३९ उमटावेत यांत मुलाचा आळस नाहीं. तें बिचारें जें ऐकलें तेंच लिहूं पाहतें.

उलट्या क्रमाची अडचण आपल्याच वांट्याला आलेली नाहीं. जर्मन भाषेंतही पंचवीसला ‘पांच आणि वीस’ असेंच म्हणतात. ऑस्ट्रियांतील पहिलीच्या मुलांना संख्या सांगून लिहावयास लावल्या, तेव्हां झालेल्या चुकांपैकीं जवळजवळ निम्म्या या उलटापालटीशीं निगडित होत्या, असें २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत दिसून आलें. चिनी भाषेंत अकराला ‘दहा एक’ म्हणतात. १९९५ च्या एका तुलनेंत चिनी आणि अमेरिकन बालकें दहापर्यंत सारखींच मोजीत होतीं, पण त्यापुढील संख्यांत अमेरिकन बालकें मागें पडलीं. तेव्हां नांवाचा परिणाम होतो, हें मान्य केलें पाहिजे. तो किती होतो, किती दिवस टिकतो, आणि चौथींत गेल्यावर आपोआप मिटतो कीं कसें, हें मराठी मुलांपुरतें मराठी मुलांनाच विचारलें पाहिजे. जर्मन मुलाच्या चुकीवरून मराठी मुलाचें पुस्तक ठरवितां येत नाहीं, कारण जर्मन भाषेंत ‘एक उणा तीस’ नाहीं.

मग ती २८ आणि २९ अशी जोडी घेईल. अठ्ठावीस उलटा आहे, पण त्यांतील ‘वीस’ खरें सांगतो. एकोणतिसांतील ‘तीस’ फसवितो. संख्या शेजारच्या, मुलें तींच, वर्ग तोच. एकोणतिसाच्या चुका लक्षणीय प्रमाणांत अधिक निघाल्या तर बोट वजाबाकीकडे दाखवितां येईल. तिला वाटेल, ८९ आणि ९९ ही जोडी आणखी चांगली. कारण ८९ ला एकोणनव्वद म्हणतात, परंतु ९९ ला कोणी एकोणशंभर म्हणत नाहीं, नव्व्याण्णव म्हणतात. ती धांवत मार्गदर्शक प्राध्यापकांकडे जाईल, आणि ते शांतपणें विचारतील, “नव्व्याण्णवांत दोन्ही अंक नऊच, मुलानें ते उलटे लिहिले तर तुला कसें कळणार?” असे खड्डे आधीं दिसणें, यालाच प्रयोगाची आंखणी म्हणतात. दोन वर्षांत ही दृष्टि आली तरी फी वसूल झाली असें समजावें.

मोजण्याचीच आणखी एक बाजू आहे. १९८५ सालीं ब्राझिलांतील रेसिफे शहरांत तेरेझिन्हा कॅराहर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं बाजारांत फळें विकणाऱ्या पांच मुलांची परीक्षा घेतली. गिऱ्हाईक होऊन हिशेब विचारले तेव्हां मुलांचीं ९८ टक्के उत्तरें बरोबर आलीं. तेच हिशेब कागदावर नुसत्या आंकड्यांत मांडून दिले तेव्हां बरोबर उत्तरांचें प्रमाण ३७ टक्क्यांवर उतरलें. २०२५ सालीं ‘नेचर’ या नियतकालिकांत अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि एलिझाबेथ स्पेल्के यांच्या गटानें कलकत्ता आणि दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांविषयीं असेंच सांगितलें, आणि त्याची दुसरी बाजूही दाखविली : केवळ शाळेंत जाणाऱ्या मुलांना बाजारी हिशेब तोंडीं करतांना अडचण पडते. जालन्याची मोसंबी तराजूंत टाकतांना अडीच किलोचे पैसे पापणी न हलवितां सांगणारा मुलगा गणितांत कच्चा म्हणून शाळेंतून परत येत असेल, तर कच्चें काय आहे, मुलाचें डोकें कीं एका खोलींतून दुसऱ्या खोलींत जाण्याचा दरवाजा? मला स्वतःला दरवाजाचा संशय अधिक येतो.

आतां त्या मुकाट बसलेल्या आजीकडे वळूं. समजा, तिला लिहितांवाचतां येत नाहीं. अलाहाबादेस फाल्क ह्यूटिग, नीरज सिंग आणि रमेश मिश्र यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग तिच्यासारख्या माणसांविषयीं आहे. माणसापुढें चार चित्रें ठेवावयाचीं आणि कानावर ‘मगर’ हा शब्द असलेलें वाक्य घालावयाचें. चित्रांत मगर नाहीं. कासव आहे, तें अर्थानें मगरीजवळचें. आणि मटार आहे, तो ‘म’ या आवाजानें जवळचा, कारण हिंदींत त्याला ‘मटर’ म्हणतात. डोळे कोठें वळतात हें यंत्र टिपतें. शिकलेल्या माणसाची नजर ‘म’ ऐकतांच मटाराकडे झुकते आणि पुढचा आवाज जुळेना असें कळतांच परत फिरते. फारसें न शिकलेल्या माणसाची नजर मटाराच्या मोहांत पडत नाहीं. ती अर्थाच्या अनुरोधानें कासवाकडे जाते. शब्द फोडून त्याचे आवाज सुटे करण्याची संवय आपणांस अक्षरांनीं लावली आहे. बोलतां येणाऱ्या प्रत्येकाला ती असतेच असें नाहीं. लखनौजवळच्या खेड्यांत निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी वाचावयास शिकविलें, तेव्हां मेंदूच्या वरच्या थरांतच नव्हे तर खोल असलेल्या जुन्या भागांतील दळणवळणांतही फरक पडला, असें २०१७ सालीं दुसऱ्या एका गटानें दाखविलें. साठी उलटलेल्या आजीचीं बोटें पाटीवर फिरवून काय उपयोग, असें म्हणणारांनीं हें ध्यानांत ठेवावें.

आपली लिपिसुद्धां प्रयोगशाळेची वस्तु आहे. ‘विहीर’ म्हणतांना ‘व’ आधीं उच्चारतों, पण लिहितांना ऱ्हस्व वेलांटी त्याच्या अलीकडे काढतों. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनीं २००२ सालीं हिंदी वाचकांवर याची पाहणी केली. अशा मात्रेचे शब्द वाचण्यास अधिक वेळ लागतो असें त्यांस आढळलें. फरक सेकंदाच्या लहानशा अंशाचा आहे. पण इंग्रजी वाचणाऱ्याच्या मनांत हा प्रश्न कधीं उद्भवणारच नाहीं.

येथें मूळ दुखण्याशीं आपण येऊन पोंचलों. मानवी मनाविषयीं ग्रंथांत जें लिहिलेलें असतें तें कोणाच्या मनावरून? जोसेफ हेन्रिक आणि त्यांचे दोन सहकारी यांनीं २०१० सालीं याचा हिशेब जगापुढें ठेविला. प्रमुख मानसशास्त्रीय नियतकालिकांतील प्रयोगांना बसलेल्या माणसांपैकीं ९६ टक्के पाश्चात्य औद्योगिक देशांतील होतीं, आणि त्या देशांत जगाची अवघी १२ टक्के वस्ती राहते. त्यांतही मोठा भरणा महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांचा. त्यांच्यावरून ‘मनुष्य असा आहे’ असें म्हणणें हें मोंढ्यांतील एका पोत्यांत हात घालून साऱ्या जिल्ह्याच्या पिकाची प्रत सांगण्यासारखें आहे. एक उणा तीस म्हणणारें मूल, मटाराला न भुलणारी आजी, चार भाषांत भाव करणारा आडत्या, हीं माणसें त्या हिशेबांत जवळजवळ नाहींत. जालन्याहून जाणारी विद्यार्थिनी म्हणूनच रिकाम्या हातानें जात नाहीं. ज्या वस्तूंसाठीं परदेशचे प्राध्यापक अनुदानें मिळवून इकडे येतात, त्या तिच्या घरांत आणि गल्लींत आहेत. अट एवढीच कीं, त्या आपल्या आहेत म्हणून आपणांस कळलेल्याही आहेत, असें तिनें गृहीत धरूं नये.

आतां बाबांचा राहिलेला प्रश्न, पोटापाण्याचा. त्याला गोड उत्तर देण्याचा मोह मी टाळतों. या पदवीनंतर अध्यापक व्हावयाचें तर पुढें पीएच. डी. करावी लागते, तींत पांच वर्षें सहज जातात, आणि विद्यापीठांतील जागा थोड्या आहेत. संगणकाच्या व्यवसायांत, यंत्राशीं माणसानें कसें वागावें याची सोय पाहणाऱ्या कामांत, भाषा समजणारीं यंत्रें घडविण्यांत, आणि पाठ्यपुस्तकें व मुलांचीं शैक्षणिक साधनें तयार करणाऱ्या संस्थांत या लोकांना मागणी असते. परंतु पदवीच्या कागदाबरोबर नोकरी हातीं पडते असा हा मार्ग नाहीं. ज्या घराला दोन वर्षांत मिळकत सुरू होणें निकडीचें आहे त्यानें हें आधीं बोलून घ्यावें. मुलीनेंही आपल्याला प्रश्न आवडतो कीं नुसतें नांव आवडतें, हें स्वतःशीं तपासावें. पदवीच्या वर्षांतच संख्याशास्त्राचें एखादें पुस्तक उघडावें. तें शंभर पानांनंतरही हातांत राहिलें तर खुशाल पुढें जावें.

आणि समजा ती गेली, पहिलें वर्ष पार पडलें, आणि एकोणतिसाचा प्रश्न घेऊन ती जालन्यास परत आली. संस्थेच्या नीतिसमितीची संमति, मुख्याध्यापकांची परवानगी आणि प्रत्येक मुलाच्या पालकांची सही हीं तिला आधीं मिळवावीं लागतील. न समजतां केलेली सही ती सही नव्हे, म्हणून कांहीं घरीं स्वतः जाऊन सर्व समजावून सांगावें लागेल. कोणत्या मुलानें किती चुका केल्या हें शिक्षकांनाही सांगावयाचें नाहीं, असा या शास्त्राचा दंडक आहे. मग हवी एक शांत खोली. जूनमध्यें शाळा उघडते तेव्हां उत्साह दांडगा असतो, पण पावसाच्या सरी पत्र्याच्या छपरावर कोसळत असतां ‘एकोणतीस’ आणि ‘एकोणचाळीस’ यांतील फरक शेवटच्या ओळींत ऐकूं जात नाहीं. न ऐकूं आलेला शब्द मुलानें चुकीचा लिहिला तर तो त्याच्या मनाचा धर्म म्हणून वहींत नोंदतां यावयाचा नाहीं. तेव्हां तिनें मुख्याध्यापकांकडे दिवाळीनंतरचे पंधरा दिवस मागून घ्यावेत, आणि प्रत्येक मुलाला एकेकटें बोलावून पाटी त्याच्या हातीं द्यावी.